ट्रिपांची वही

बाबांची ट्रिपांची वही पान एकशे सोळावर थांबली होती,
खाण बंद झाली त्या आठवड्यात.
मी ती उलटी केली आणि मागून लिहायला लागले.

पहिली ओळ: मारुती आठशेचं इंजिन, भंगार,
कायतान फुर्ताद, कुडचडे, साडेसात हजार.
दुसरी ओळ: कायतानला पटवायला मारलेल्या खेपा, अकरा.
"बाये," तो म्हणाला, "हे चालू झालं तर मला बोलाव,
नाही झालं तर मला ओळखू नकोस."

पाइप सीमलेस. इथे कंजुषी नाही.
डोक्याभोवतीचा पिंजरा घेताना
माणूस स्वतःच्या मानेचा भाव ठरवत असतो,
असं दामू वेल्डर म्हणाला, आणि मजुरीचं बोललाच नाही.
मी त्याच्या गोठ्याचं फाटक रंगवून दिलं,
रेडऑक्साइड, दोन हात.

हेल्मेट नवं. पट्टे नवे.
बाकी सगळं कुणाचं तरी वापरून झालेलं:
सीट सावर्ड्याच्या मिनीबसची,
खिडकीचं जाळं कुटबणच्या जेटीवरून आणलेलं,
ऊन चढलं की अजून बांगड्याचा वास मारतं.

स्टार्टर परवडला नाही.
मग कळलं, परदेशातल्या खऱ्या स्प्रिंट कारलाही तो नसतो,
मागून ढकलूनच चालू करतात.
म्हणजे निदान एका बाबतीत
आमची गरिबी आंतरराष्ट्रीय दर्जाची.

वरचा पंख, गाडीला जमिनीवर दाबून धरायला,
खाणीच्या फाटकावरून निखळलेल्या पत्र्याचा.
अक्षरं खरवडली, पुरती गेली नाहीत.
वळणावर मी कितीही मागून लोटली तरी
माझ्या डोक्यावर लिहिलेलं असतं:
वाहने सावकाश हाका.

मागचं उजवं चाक मोठं, डावं लहान.
ट्रॅकवर फक्त डावीकडेच वळायचं असतं,
तिथे हे लंगडेपण कामाचं.
अंगणात मात्र गाडी सोडली की
ती थेट तुळशीवर जाते.

आईने एका रात्री वही घेतली, बेरीज तपासली.
"हजाराने चुकलीस."
जास्त की कमी?
"कमी. तू नेहमी कमीच धरतेस."

बाबा काहीच बोलले नाहीत.
त्यांचा ट्रक ताडपत्रीखाली.
दर सोमवारी ते त्याच्या दहाही टायरांवर
हातोडी मारून हवा ऐकतात.

रिवणच्या पलीकडे, जिथे मालाचे डोंगर असायचे,
तिथे रोलर फिरवून, टँकरने पाणी मारून
एक लांबट गोल केला होता.
म्हापशाच्या मुलाची गाडी ट्रेलरवर बसून आली,
सोबत चार माणसं, सगळ्यांचे शर्ट एकाच रंगाचे.
माझी आली शाणू वेळीपच्या पिकअपला दोर बांधून.
बारा गाड्या. सहा फेऱ्या.

धाडस वगैरे आत बसल्यावर काही नसतं.
पाय उचलायचा की नाही, एवढाच प्रश्न,
दर वळणाला नव्याने विचारलेला.
मी पाच फेऱ्या उचलला.
सहाव्या फेरीत समोर काहीच दिसेना, नुसती लाल धूळ,
तर म्हटलं, आता उचलून तरी काय बघणार.

अकरावी आले.
बारावी गाडी चालूच झाली नव्हती.

रात्री नळाचा आवाज आला.
अंगणात बल्ब ओढून घेऊन बाबा
रेडिएटरच्या पात्यांतली माती
जुन्या टूथब्रशने काढत होते.
बादलीतलं पाणी त्यांच्या ओळखीच्या रंगाचं.
मी दारातूनच परत फिरले.

सकाळी वही नेहमीच्या बाजूने उघडी होती.
पान एकशे सोळा. निळ्या शाईच्या जुन्या ओळींखाली
एक काळी ओळ:
ट्रिपा सहा. टन, रेघ.
शेरा: ब्रेक फार उशिरा मारते. उजवा मागचा टायर बदलणे.
पुढे टायरची रक्कम.

तीही त्यांनी कमीच धरली आहे.